पावती आल्याशिवाय पुसायचं नाही



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने रेडिओसाठी गावातल्या एका आजींची मुलाखत घेतली. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. पाऊण तास बोलल्या. आम्ही मोबाईलवर व्हिडिओ केला आणि रेंज मिळावी म्हणून रात्री गच्चीवर उभं राहून केंद्रावर पाठवला. पट्टी पुढे सरकताना दिसली. आम्हाला वाटलं, गेला. मोबाईल भरला होता, म्हणून लगेच पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी कळलं, तिकडे अर्धाच पोचला होता आणि तोही उघडत नव्हता. पुन्हा आजींकडे गेलो. त्यांनी सगळं परत सांगितलं, पण खडीच्या कामावरच बाळंत झालेल्या बाईची हकीकत काही आली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "एकदा सांगितलं की बाई. आता नको."

चूक आमचीच होती. मग आम्ही माहिती काढली, की लांबच्या कॉम्प्युटरवर मोठी फाईल पाठवायची ही विद्या आली कुठून आणि जाणकार लोक काय काळजी घेतात?

सुरुवात अमेरिकेत झाली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून सुमारे ५०० किलोमीटरवरच्या स्टॅनफर्डच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरला 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं पोचली आणि तिकडचं मशीन बंद पडलं. म्हणजे पहिला निरोपसुद्धा अर्धाच गेला! तासाभराने पुन्हा पाठवला, तेव्हा पूर्ण गेला.

पुढे दीड वर्षाने, एप्रिल १९७१ मध्ये, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाईल पाठवण्याचे नियम लिहिले गेले. ते लिहिणारे अभय भूषण हे आपल्या कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीत होते. त्या नियमांना एफटीपी म्हणतात.

फाईल जाते कशी? खळ्यावरचं सगळं धान्य आपण एकदम उचलत नाही. पोती भरतो, मोजतो. तसंच इथे फाईलचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येकाला नंबर पडतो. पलीकडे नंबर लावून ते जोडतात. एखादा हरवला, तर तेवढाच पुन्हा मागवतात. महत्त्वाची फाईल असेल, तर शेवटी ताळा घेतात. पाठवणाऱ्याने सगळ्या फाईलचा हिशेब करून एक आकडा काढलेला असतो. घेणाराही तोच हिशेब करतो. दोन्ही आकडे जुळले, तरच माल पूर्ण पोचला. आपल्या गटाच्या वहीत आणि पासबुकात आपण पाहतो, तसाच हा ताळा.

नेट मंद असेल तर? सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एक गंमत झाली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधलं. सुमारे ८० किलोमीटर उडून ते सव्वा तासाच्या आत डर्बनला पोचलं. कार्डातली माहिती उतरवून घेईपर्यंत दोन तास झाले. तेवढ्या वेळात नेटवरून फाईलचे शंभरातले चारच भाग गेले होते.

ही नुसती गंमत नाही. कृष्णविवराचा पहिला फोटो १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिला. त्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये चिली, मेक्सिको, हवाई, ॲरिझोना, स्पेन आणि दक्षिण ध्रुव इथल्या आठ दुर्बिणींनी माहिती गोळा केली. ती सुमारे ५० लाख जीबी भरली. आपल्या ६४ जीबीच्या मोबाईलमध्ये भरायची, तर ७८ हजार मोबाईल लागतील! एवढा माल डोंगरमाथ्यावरून आणि ध्रुवावरून नेटने पाठवणं परवडणारं नव्हतं. म्हणून हार्ड डिस्क पेट्यांत भरून विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात विमान उतरत नाही, त्यामुळे तिथल्या डिस्क डिसेंबरमध्ये पोचल्या. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण आठ महिने थांबले. तो हिस्सा आल्याशिवाय काम पुरं होणार नव्हतं.

मैत्रिणींनो, यातून आमच्या गटाने तीन नियम केले. मोठा व्हिडिओ असेल, तर तुकडे करून, नंबर घालून पाठवायचा. रेंज नसेल, तर मेमरी कार्ड डबीत घालून तालुक्याला जाणाऱ्या बाईच्या हाती द्यायचं, त्यात कमीपणा नाही. आणि पलीकडच्या ताईने फाईल उघडून, शेवटपर्यंत ऐकून, "पाऊण तासाची आहे, पूर्ण आहे," असं कळवेपर्यंत आपल्याकडची पुसायची नाही.

कर्जाचा हप्ता भरला की आपण पावती घेतल्याशिवाय काउंटरवरून हलत नाही. आजींचे शब्द काय हप्त्यापेक्षा कमी मोलाचे होते?