ठिणगीचे मोजमाप

पेट्रोल पंपावरील सूचनाफलकांचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात भ्रमणध्वनीच्या बंदीला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल. जालना, अंबड, भोकरदन, कोठेही जावे, फोनवर काट मारलेले ते चित्र भेटतेच. आणि आताशा त्याच्याच शेजारी फोनने पैसे चुकते करण्याचा क्यूआर कोडही चिकटवलेला असतो. ही विसंगती कोणाला खटकत नाही, यातच बरेच काही आले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅडम बर्जेस यांनी २००७ साली या भयाची चिकित्सा केली. फोनमुळे पंपावर आग लागल्याचे खात्रीलायक उदाहरण त्यांना आढळले नाही. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने गोळा केलेल्या आगींच्या नोंदींतही बोट रोखले गेले ते स्थिर विद्युतेकडे. चालक नळी टाकीत अडकवून पुन्हा गाडीत बसतो, आसनाशी कपडे घासतात, आणि परतून तो थेट नळीला हात घालतो.

आपल्याकडे पेट्रोल भरणारा कर्मचारी वेगळा असल्याने हा प्रसंग सहसा घडत नाही. पण धोका काल्पनिक नव्हे. मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, तेव्हा शरीरावर हजारो व्होल्टचा भार साचलेला असतो. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात, म्हणजे साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली असेल, तर बोटाला जेमतेम जाणवणारी ठिणगीही तिला पुरते. फवारणी यंत्रासाठी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल नेणारा शेतकरी या दृष्टीने फोनवर बोलणाऱ्यापेक्षा अधिक जोखीम पत्करतो, कारण प्लॅस्टिकवर साचलेला भार जमिनीत उतरत नाही. फोन डोळ्यांना दिसतो, नवा आहे, दुसऱ्याच्या हातात आहे. कॅन आपला आणि नित्याचा आहे. भयाची वाटणी बहुधा अशीच होते.

मात्र ठिणगीशी जालन्याचा जुना संबंध पेट्रोलचा नव्हे, कापसाचा. जिनिंगमध्ये कापसाबरोबर एखादा खडा किंवा खिळा यंत्रात गेला की धातूवर आदळून ठिणगी उडते. पुष्कळदा ती विझून जाते आणि कामगारांना तिचे काही वाटेनासे होते. एखादी रुईत शिरते. कापसाची आग भडकण्याआधी मुरते. वरून थंड दिसणारी गाठ आत तासन्‌तास धुमसत राहू शकते. म्हणूनच हा धोका तोलणे कठीण. दररोज घडणारी आणि दररोज निरुपद्रवी ठरणारी गोष्ट धोक्याची मानायला मन तयार होत नाही.

अशा मुरलेल्या आगीचे सर्वांत भयंकर उदाहरण मुंबईच्या गोदीतले आहे. १९४४ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया डॉकला लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीला त्यांच्या सोबतीला कापसाच्या आठ हजारांहून अधिक गाठी चढवल्या होत्या. कप्तानाला हा शेजार रुचला नव्हता. पण युद्धकाळ होता, जहाजांचा तुटवडा होता, आणि जागा रिकामी ठेवणे परवडण्याजोगे नव्हते. जोखीम ओळखूनही ती पत्करली गेली. १४ एप्रिलला दुपारी धूर दिसला. आग कापसात होती. कोणाच्या तरी सिगारेटने ती लागली असावी, असे चौकशीत मानले गेले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. सिगारेट ओढणाऱ्याचे नाव कधीच कळले नाही आणि तरीही सगळा दोष त्याच्याच माथी गेला, हे मला फार सोयीचे वाटते. स्फोटकांशेजारी कापूस ठेवण्याचा हिशेब त्याने मांडलेला नव्हता. ज्यांनी मांडला, ते धक्क्यावर नव्हते.

२००० साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि जुन्या जिनिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला साहाय्य मिळू लागले. तरी कापसातला कचरा हाताने वेचण्याचे काम संपलेले नाही, आणि ते बहुतांशी बायकाच करतात. लोहचुंबक खिळा ओढून घेतो. खडा त्याला सापडत नाही.