घोड्यांची कत्तल आणि तपासणी-निधीबंदी (अमेरिका)

तपासणी-निधीबंदी ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मांसासाठी होणारी घोड्यांची कत्तल रोखण्याकरिता तेथील संसदेने (काँग्रेसने) योजलेली अर्थसंकल्पीय तरतूद होय. अशा कत्तलीवर देशव्यापी बंदी घालणारा स्वतंत्र कायदा तेथे अद्याप झालेला नाही.

स्वरूप
संघीय मांस तपासणी कायद्यानुसार माणसांच्या आहारासाठी कापले जाणारे जनावर कत्तलीपूर्वी आणि त्याचे मांस कत्तलीनंतर सरकारी निरीक्षकाने तपासावे लागते. तपासणीचा शिक्का नसलेले मांस राज्याबाहेर विकता येत नाही वा निर्यातही करता येत नाही. निरीक्षकांचे वेतन कृषी खात्याच्या अनुदानातून होते. घोड्यांच्या तपासणीवर हा पैसा खर्च करू नये, असे एक कलम वार्षिक खर्चाच्या कायद्यात घातले, की कत्तल गुन्हा न ठरताही धंदा थांबतो. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ या म्हणीतलाच हा प्रकार. मात्र असा कायदा एका आर्थिक वर्षापुरता असल्याने कलम दरवर्षी नव्याने घालावे लागते.

इतिहास
हे कलम प्रथम १० नोव्हेंबर २००५ रोजी संमत झालेल्या कायद्यात आले व १२० दिवसांनी अमलात आले. त्या वेळी फोर्ट वर्थ व कॉफमन (टेक्सास) आणि डिकाल्ब (इलिनॉय) येथे घोड्यांचे तीन कत्तलखाने चालू होते. त्यांनी तपासणीचा खर्च स्वतः सोसण्याची तयारी दाखवली आणि कृषी खात्याने फेब्रुवारी २००६ मध्ये शुल्क घेऊन तपासणी करण्याचा नियम काढला. संसदेचा हेतू पाहता ही उघड पळवाट होती. पर्यावरणीय परिणामांचा विचार न केल्याच्या कारणावरून मार्च २००७ मध्ये संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. तथापि, कत्तलखाने केवळ निधीबंदीने बंद पडले असे म्हणणे अपुरे ठरेल. टेक्सासचा १९४९ चा घोड्याच्या मांसाच्या विक्रीविरोधी कायदा आणि इलिनॉयचा २००७ चा कायदा न्यायालयांनी ग्राह्य धरले, हेही तितकेच निर्णायक होते.

नोव्हेंबर २०११ मध्ये हे कलम वगळले गेले. २०१३ मध्ये न्यू मेक्सिको व आयोवा येथील कत्तलखान्यांना तपासणीची मंजुरी मिळाली. परंतु न्यायालयीन वादामुळे ते सुरू होऊ शकले नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये कलम पुन्हा घालण्यात आले.

परिणाम
निधीबंदी देशातील कत्तलीपुरतीच आहे. जिवंत घोडे परदेशी पाठवण्यास ती आडकाठी करत नाही. त्यामुळे घोडे कॅनडा व मेक्सिकोतील कत्तलखान्यांकडे जाऊ लागले. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०११ च्या अहवालानुसार २०१० साली असे सुमारे १,३८,००० घोडे गेले. त्यांचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला, याकडेही अहवालाने लक्ष वेधले. कत्तलीसाठी घोड्यांची वाहतूक व विक्री रोखणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने सप्टेंबर २००६ मध्ये २६३ विरुद्ध १४६ मतांनी संमत केले होते; सिनेटमध्ये मात्र ते पुढे सरकले नाही. त्यानंतरही अशी विधेयके वेळोवेळी मांडली गेली आहेत.