अन्न असून उपवास : कर्करोगांतील क्षीणतेचा शोध

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस खटाव तालुका पसरलेला आहे आणि येरळा नदीच्या कांठीं वसलेलें वडूज हें त्याचें मुख्य ठिकाण होय. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथवर येतां येतां विरळ होतो. त्यामुळें खटाव व माण हे तालुके पिढ्यान् पिढ्या अवर्षणाचे म्हणून ओळखले गेले. उपासमार माणसाचें व जनावराचें काय करते, हें अशा मुलखांत कोणास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. १८७६-७७ च्या दुष्काळानें सातारा जिल्ह्यासही ग्रासलें होतें. त्या वेळीं हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरास दिवसाला एक पौंड धान्य पुरेल असा हिशेब बसविला. मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं त्या मजुरीवर राबण्यापेक्षां दुष्काळी कामें सोडून जाणें पत्करलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. वाद होता तो धान्य किती द्यावें याचा. धान्य मिळालें म्हणजे वाळलेला देह पुन्हा भरतो, याविषयीं उभय पक्षांचें एकमतच होतें.

कर्करोगानें वाळत जाणारा माणूस हें गृहीत खोटें पाडतो. घरांत ज्वारी आहे, दूध आहे, रांधणारे हात आहेत, तरी गालफडें बसतात, दंडाचें मांस उतरतें, अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा दिसूं लागतो. घरचीं माणसें दुष्काळानें शिकविलेला उपाय करतात : आग्रह करतात, रागावतात, प्रसंगीं रडतात. रोगी दोन घांस खाऊन ताट सारतो. मग दोष कोणाचा, असा प्रश्न त्या घरांत उभा राहतो. आणि बहुधा तो रोग्याच्या हट्टावर किंवा सुनेच्या स्वयंपाकावर येऊन पडतो. या प्रश्नाचें खरें उत्तर मिळविण्यास वैद्यकशास्त्राला दीर्घ काळ लागला.

नांव मात्र जुनें आहे. ग्रीक वैद्यांनीं या अवस्थेस ‘काकॉस हेक्सिस’, म्हणजे देहाची वाईट स्थिति, असें म्हटलें. त्यावरूनच ‘कॅकेक्सिया’ हा आजचा शब्द आला. आपल्याकडे चरकानें राजयक्ष्म्याचीं चार कारणें सांगितलीं : शक्तीबाहेरचें साहस, वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि विषम आहार. अपुरें वा अयोग्य अन्न हें त्यांपैकीं एकच कारण होतें, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पुढें ‘क्षय’ हा शब्द लोकभाषेंत फुफ्फुसाच्या रोगासच चिकटला, आणि इतर रोगांत देह कां झिजतो हा प्रश्न निनांवी राहिला.

प्रयोगशाळेंत त्याची उकल विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत सुरू झाली. बर्लिन येथें ऑटो वॉरबुर्ग यांना असें आढळलें कीं, कर्करोगाची गांठ साखर अधाशासारखी घेते; पण ती पूर्णपणें न जाळतां तिचें लॅक्टिक आम्ल करून टाकून देते. १९२९ सालीं कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यानें दाखविलें कीं, हें आम्ल यकृतांत जातें आणि यकृत त्यापासून पुन्हा साखर घडवितें. हा व्यवहार तोट्याचा आहे. साखरेच्या एका रेणूमागें गांठ शक्तीचीं दोन नाणीं मिळविते. तोच रेणू परत घडविण्यास यकृतास सहा नाणीं मोजावीं लागतात. तथापि एवढ्या एका तोट्यानें सारा देह कां ओसरावा, हें कोडें सुटलें नाहीं. १९३२ सालीं बोस्टनचे शील्ड्स वॉरन यांनीं कर्करोगाच्या ५०० मृतांचें शवविच्छेदन तपासून मृत्यूचीं प्रत्यक्ष कारणें मोजलीं, तेव्हां सुमारें पंचमांश मृत्यु या क्षीणतेमुळें घडल्याचें त्यांस आढळलें. क्षीणता ही रोगाची केवळ सावली नसून स्वतःच मारक आहे, ही जाणीव येथून पक्की होत गेली.

महाराष्ट्रांत कर्करोगाच्या शास्त्रीय अभ्यासास बळ आलें तें मुंबईस २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडल्यावर. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं निरनिराळ्या समाजांच्या चालीरीति आणि त्यांच्यांत आढळणारे कर्करोग यांचा संबंध तपासला. तंबाखू चघळण्याची संवय व तोंडाचा कर्करोग हें त्यांतलें ठळक उदाहरण होय. दांतांस मिशरी लावणाऱ्या व चुन्याबरोबर तंबाखू मळणाऱ्या आपल्या मुलखाला याचें महत्त्व फार आहे. कारण तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांत दोन संकटें एकदम येतात. घांस गिळवत नाहीं म्हणून खरी उपासमार होते, आणि गिळलेलें अंगीं लागत नाहीं म्हणून क्षीणता येते. पहिलीवर नळीनें अन्न देण्याचा उपाय चालतो; दुसरीवर तो एकटा पुरत नाहीं.

हीं दोन दुःखें निराळीं आहेत याचा उत्तम पुरावा युद्धकाळांत मिळाला. १९४४-४५ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा येथें अॅन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी स्वयंसेवकांस २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांश घटलें. पण त्याबरोबर देहानें आपला खर्चही कमी केला. नाडी मंदावली, अंग थंड पडूं लागलें. पुढें पोटभर अन्न मिळतांच ते हळूहळू पूर्ववत् झाले. उपाशी देह काटकसरी गृहिणीसारखा वागतो : आधीं चरबीची शिल्लक काढतो व स्नायू होईल तितके राखतो. कर्करोगी देह असें करीत नाहीं. पुष्कळ रोग्यांत खर्च उतरतच नाहीं, आणि चरबीबरोबर स्नायूही प्रारंभापासून वितळूं लागतात.

तरीही भरपूर अन्न हाच उपाय, ही आशा सुटली नाहीं. १९८० सालीं अमेरिकेंत ३,०४७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. उपचारांपूर्वीं ज्यांचें वजन घटलें होतें ते कमी काळ जगले, असें तींत दिसलें. मग शिरेवाटे पोषक द्रव सोडून वजन भरून काढण्याचे प्रयत्न झाले. कांट्यावरचा आंकडा कांहींसा वाढला. पण ती वाढ मुख्यतः पाणी व चरबी यांची होती, आणि आयुष्य वाढलें नाहीं. अखेर १९८९ सालीं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें रासायनिक उपचार घेणाऱ्या रोग्यांस सरसकट असें पोषण देऊं नये, असा अभिप्राय दिला.

नवी वाट अनपेक्षित ठिकाणीं सांपडली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील अँथनी सेरामी हे परोपजीवी जंतूंच्या रोगानें सुकणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करीत होते. अंगांत जंतु थोडे असतांही प्राणी वाळतो, तेव्हां त्याच्या स्वतःच्याच देहांतून कांहीं तरी द्रव्य स्रवत असलें पाहिजे, असा त्यांनीं तर्क केला. त्या द्रव्यास त्यांनीं ‘कॅकेक्टिन’ हें नांव दिलें. १९८५ सालीं असें कळून आलें कीं, कॅकेक्टिन आणि गांठी मारणारें म्हणून १९७५ पासून ठाऊक असलेलें ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हीं दोन द्रव्यें एकच आहेत. रोगाशीं लढण्यासाठीं देह जें शस्त्र काढतो तेंच त्याच्या स्वतःच्या मांसावर चालतें, असा याचा अर्थ होता. मात्र हें एक द्रव्य अडविणारीं औषधें रोग्यांना दिलीं तेव्हां अपेक्षित गुण आला नाहीं. गुन्हेगार एक नव्हता, टोळी होती. २००१ सालीं स्नायूंतील प्रथिनांवर मोडीची खूण करणारीं दोन विशेष द्रव्यें ओळखलीं गेलीं, आणि झीज प्रत्यक्ष कोठें व कशी होते हें स्पष्ट होऊं लागलें.

२०११ सालीं एडिंबरोचे केनेथ फीअरन यांच्या पुढाकारानें आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं या अवस्थेची व्याख्या ठरविली. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या शेंकडा ५ हून अधिक घट, म्हणजे ६० किलोच्या माणसांत ३ किलोंहून अधिक, ही तिची मुख्य खूण. केवळ नेहमींच्या पोषणानें ही अवस्था पूर्णपणें उलटत नाहीं, हें वाक्य त्या व्याख्येंतच आहे. आग्रह करून थकलेल्या प्रत्येक घरास तें वाचून दाखवावें असें आहे.

भूकच कां मरते, याचें एक उत्तर २०१७ सालीं मिळालें. जीडीएफ-१५ नांवाचें द्रव्य रोगी देहांत वाढतें आणि मेंदूच्या मागील भागांतील एका ग्राहकावर जाऊन अन्नाची वासना मारतें, हें चार संशोधक मंडळांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. त्या द्रव्यास अडविणारें पॉन्सेग्रोमॅब हें औषध १८७ रोग्यांवर १२ आठवडे तपासण्यांत आलें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांचें वजन, निरौषध द्रव टोंचलेल्यांच्या तुलनेंत, सुमारें २.८ किलोंनीं अधिक राहिलें. ही मध्यम पायरीची परीक्षा होय. सिद्ध उपचार नव्हे. जपाननें २०२१ सालीं अॅनामोरेलिन या भूक वाढविणाऱ्या औषधास मान्यता दिली. आपल्या देशांत पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेंत १२४ रोग्यांवर झालेली परीक्षा २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. मनोविकारांवर वापरांत असलेलें ओलान्झापिन हें जुनें व स्वस्त औषध तेथें अल्प मात्रेंत १२ आठवडे दिलें, तेव्हां शेंकडा ६० रोग्यांचें वजन शेंकडा ५ हून अधिक वाढलें. निरौषध गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ९ होतें. अर्थात् यांतलें कोणतेंही औषध वैद्याच्या सल्ल्यावांचून घेण्याचें नव्हे.

सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवली जात आहे. हा रोग केवळ मुंबईचा नाहीं हें त्या नोंदींनीं दाखविलें. वडुजाच्या बाजारपेठेंत वजनकांटा दुर्मिळ नाहीं. दर पंधरवड्यास रोग्याचें वजन वहींत टिपून तें डॉक्टरांस दाखवावें. अंगरखा सैल होईपर्यंत थांबूं नये. दोन भरल्या ताटांऐवजीं थोडथोडें पांच-सहा वेळां द्यावें, त्यांत डाळ, दूध, अंडें असावें, आणि झेपेल तितकें चालवावें. वेदना, मळमळ, तोंड येणें, मलावरोध हीं भूक मारणारीं कारणें बरीं करतां येतात, तीं लपवूं नयेत. आणि इतकेंही करून ताट सारलें गेलें, तर तो रोग्याचा हट्ट नाहीं आणि रांधणाऱ्या हातांची उणीव नाहीं, हें घरांतील वडील माणसानें सर्वांदेखत एकदां बोलून दाखवावें.