भरकटलेले पक्षी आणि इतिहासाचा पुरावा : हेल्गोलँड व फेअर आइल

पावसाळा सरला की भारतातील अनेक बागांत आणि झुडपांत एक तपकिरी, चिमणीहून बारीक पक्षी येतो. तो दिसतो कमी. पानांआडून 'चक् चक्' असा कोरडा आवाज तेवढा ऐकू येतो. हा ब्लिथचा बोरू-वटवट्या. त्याची वीण फिनलंड-रशियाच्या बाजूला होते आणि हिवाळा तो आपल्याकडे काढतो. १८४९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लिथ यांनी केले. ब्लिथ तेव्हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. १९१०च्या सप्टेंबरअखेर हाच पक्षी स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध असलेल्या फेअर आइल या बेटावर मिळाला. ब्रिटनमधील ती त्याची पहिली नोंद. ज्याने आग्नेयेला यायचे, तो पश्चिमेला गेला होता.

असे वाट चुकलेले पक्षी उत्तरेकडील बेटांवर मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि थोडे मे-जूनमध्ये आढळतात. त्यांची कारणे जीवशास्त्राचे विद्यार्थी शिकतील. आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, म्हणून आपला प्रश्न वेगळा आहे : ते तिथे आले होते हे आपल्याला कशावरून कळते?

पहिले बेट उत्तर समुद्रातील हेल्गोलँड. दोन चौरस किलोमीटरही क्षेत्रफळ नसलेला हा खडक १८०७ साली इंग्रजांनी डेन्मार्ककडून घेतला आणि १८९० साली जर्मनीला दिला. हाइनरिख गेट्के नावाचा तरुण चित्रकार १८३७ साली समुद्राची चित्रे काढायला तिथे गेला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. पुढे तो इंग्रज प्रशासनात सचिव झाला, आणि पन्नासहून अधिक वर्षे पक्ष्यांच्या नोंदी करत राहिला. त्याचा ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. मात्र हे काम एकट्याचे नव्हते. बेटावरचे लोक स्थलांतर करणारे कस्तूर पक्षी खाण्यासाठी पकडत. त्यासाठी ते झाडे नसलेल्या त्या खडकावर मुद्दाम फांद्या रोवून जाळी लावलेली खोटी झुडपे उभारत. वेगळा पक्षी हाती लागला की तो गेट्केकडे येई. ऑइकन्स कुटुंबातील भावांची नजर तर त्याच्याइतकीच तयार होती. ग्रंथावर नाव मात्र एकाचेच आहे. दस्तऐवज वाचताना ही गोष्ट नेहमी तपासावी.

आता गेट्केची चूक पाहा. ब्ल्यूथ्रोट हा निळ्या गळ्याचा छोटा पक्षी वसंतात हेल्गोलँडवर भरपूर दिसे, पण उत्तर आफ्रिका आणि हेल्गोलँड यांच्या मधल्या प्रदेशात तो जवळपास आढळत नसे. यावरून गेट्केने निष्कर्ष काढला की हा पक्षी ते सारे अंतर एका रात्रीत, अतिप्रचंड वेगाने कापत असला पाहिजे. समकालीनांना हे पटले नाही आणि ते खरेही नव्हते. मधल्या प्रदेशात पक्षी नव्हते असे नाही. तिथे रोज पहाटे उठून झुडपे पाहणारा गेट्के नव्हता. नोंद नाही म्हणून घटना नाही, हा तर्क इतिहासात किती ठिकाणी फसतो हे तुम्ही मध्ययुगीन भारताच्या अभ्यासात पाहिलेच असेल.

दुसरे बेट फेअर आइल : सुमारे पाच किलोमीटर लांब आणि जवळपास वृक्षहीन. एडिंबरा येथील संग्रहालयातील विल्यम ईगल क्लार्क १९०५ साली तिथे प्रथम गेले. नकाशा पाहून त्यांनी अंदाज बांधला होता की इथे पक्षी उतरत असणार. पूर्वेचे वारे, पाऊस किंवा धुके असले की थकलेले पक्षी दिसेल त्या जमिनीवर उतरतात. आणि इथे लपायला दगडी कुंपणे आणि बटाट्याचे वाफे सोडले तर फारसे काही नाही. क्लार्क वर्षभर राहू शकत नव्हते, म्हणून त्यांनी जॉर्ज स्टाउट या बेटवासीयाला तयार केले. नंतर हे काम जेरोम विल्सन करू लागले. त्या काळात पुरावा म्हणजे बंदुकीने मारलेला पक्षी. पाहिले एवढे पुरेसे नव्हते, कातडे हवे.

पण कातडेही खोटे बोलू शकते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जच्या परिसरातून १८९२ ते १९३० या काळात दुर्मीळ पक्ष्यांचे नमुने विलक्षण संख्येने आले. कातडी खरी होती. ती तिथलीच होती का, हा प्रश्न होता. संग्राहक दुर्मीळ 'ब्रिटिश' पक्ष्याला चांगली किंमत देत. १९६२ साली संख्याशास्त्रज्ञ जॉन नेल्डर यांनी या नोंदींची शेजारच्या प्रदेशाशी आणि नंतरच्या काळाशी तुलना केली, तेव्हा त्या टिकल्या नाहीत. २९ जाती-उपजाती ब्रिटिश यादीतून वगळल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे नव्या, स्वतंत्र पुराव्यावर परत आल्या. मला ही घटना बनावट ताम्रपटांच्या कोणत्याही चर्चेपेक्षा अधिक शिकवून जाते.

दरम्यान पुराव्याची रीतच बदलली होती. १८९९ साली डेन्मार्कमधील शिक्षक मॉर्टेन्सन यांनी साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली. हेल्गोलँडवर मोठे नरसाळ्यासारखे जाळ्याचे पिंजरे तयार झाले. आजही जगभर त्यांना त्या बेटाचेच नाव आहे. पक्षी पकडायचा, मोजायचा, कडे घालायचे आणि सोडून द्यायचा. ही पद्धत फेअर आइलवर रुजवणारे जॉर्ज वॉटरस्टन १९४१ साली क्रीटमध्ये जर्मनांच्या हाती सापडले होते. युद्धकैद्यांच्या छावणीत, मित्र इयन पिटमन यांच्यासोबत, त्यांनी त्या बेटावरील पक्षी-वेधशाळेचे आराखडे आखले. मूत्रपिंडाच्या आजारामुळे १९४३ साली त्यांना परत पाठवण्यात आले, तेव्हा जहाजावरून मायदेशाची पहिली दिसलेली भूमी फेअर आइलचीच होती. १९४७ साली त्यांनी बेट विकत घेतले. १९४८ साली नौदलाच्या जुन्या लाकडी बराकींत वेधशाळा सुरू झाली. बेटवासीयांना याची गरज होती. १९३० साली सेंट किल्डा हे दुसरे स्कॉटिश बेट कायमचे रिकामे झाले होते, आणि १९५०च्या दशकात फेअर आइलचीही तीच गत होईल अशी भीती होती. ती वेळ आली नाही. १९५४ साली बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे गेले.

'भरकटलेला' हा शब्दही आता तपासला जात आहे. सायबेरिया-मंगोलियात वीण करून दक्षिण आशियात हिवाळा काढणारी रिचर्डची तीरचिमणी पश्चिम युरोपात अपघाताने येते असे मानले जाई. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांच्या पाठीवर लहान यंत्रे बसवली होती. ते वीणीच्या प्रदेशात जाऊन पुढच्या हिवाळ्यात फ्रान्सला परतले.

ब्लिथचा बोरू-वटवट्याही आता शेटलंडमध्ये पूर्वीपेक्षा पुष्कळदा आढळतो. विसाव्या शतकात त्याचे वीणक्षेत्र पश्चिमेकडे फिनलंडमध्ये पसरले, हे एक कारण. दुसरे असे की १९१०च्या मानाने आज तिथे दुर्बिणी घेऊन उभे असलेले लोक कितीतरी अधिक आहेत. नोंदींचा वाढता आलेख समोर आला की त्यातला कोणता भाग पक्ष्यांचा आणि कोणता पाहणाऱ्यांचा, हे आधी विचारा.