ग्राफिक्स कार्डाचा पंखा बदलताना

परभणी जिल्ह्यातील चुडावा परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. खोलीच तापलेली असल्याने संगणकातील ग्राफिक्स कार्डाचा छोटा पंखा वेगाने फिरून गोंगाट करतो. तरीही चिप तापल्यास ती स्वतःची गती घटवते. २००३ चे ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ अशा आवाजासाठीच कुप्रसिद्ध ठरले.

मोठा हीटसिंक व १२० मिलिमीटरचे पंखे यावर उपयोगी पडतात. मोठी पाती कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतात. मात्र छिद्रे जुळतात का, कॅबिनेटमध्ये जागा आहे का, हे आधी मोजावे. जुनी पेस्ट पुसून नवी पातळ लावावी. मेमरी व वीजपुरवठ्याच्या चिपांवरही हीटसिंक बसवावेत. अन्यथा कार्ड निकामी होऊ शकते. वॉरंटीही जाऊ शकते. म्हणून प्रथम धूळ झाडून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच आवाज कमी होतो.