सेवेचे तास

परवा भाचीचा फोन आला. ती मुंबईच्या एका मिशनरी कॉलेजात शिकते. "मामा, समाजसेवेचे तास भरायचेत. दिवाळीत जालन्याला आले तर काही काम मिळेल का?"

हसू आलं, आणि आमची शाळा आठवली. मराठवाड्यातलीच एक मिशनची शाळा, साल 1984. नववीत आम्ही घराघरांतून जुने कपडे गोळा करून एका वस्तीवर वाटायला गेलो होतो. रांग लावली, फोटो काढला. तिथल्या एका आजीने स्वेटर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बाळा, कापडं हायेत रं. पाण्याचं काय करता का बघा." आमच्याकडे उत्तर नव्हतं. वहीत मात्र सेवेचे तीन तास लिहिले गेले.

पुढे वाचनात एक गोष्ट आली. पेद्रो आरूपे हे जेझुइट संघाचे त्या वेळचे प्रमुख. 1945 साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते शहराच्या कडेलाच राहत होते. वैद्यकीचं थोडं शिक्षण झालेलं होतं, त्या जोरावर त्यांनी मठाचाच दवाखाना केला. याच माणसाने 31 जुलै 1973 रोजी स्पेनमधल्या वॅलेन्सिया इथे जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं. समोर बहुतेक सुखवस्तू घरांतली मंडळी. त्यांना आरूपे म्हणाले की, न्यायासाठी झटायचं शिक्षण आम्ही तुम्हाला दिलंच नाही. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आता शिक्षणाचं काम. काहींना ते चांगलंच झोंबलं. पण कॅथलिक शाळा-कॉलेजांत समाजसेवेला आज जे स्थान आहे, त्यात या भाषणाचा वाटा मोठा आहे.

आणि 1973 म्हणजे आपल्याकडे काय? बहात्तरचा दुष्काळ! घरातल्या मोठ्यांना विचारा. खडी फोडणं, सुकडी, तांबडी मिलो, सगळं सांगतील.

त्या काळात नगरला हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट फादर काम करत होते. दुष्काळी गावाला नुसतं धान्य वाटून भागत नाही, पावसाचं पाणी तिथल्या रानातच मुरलं पाहिजे, हे त्यांनी धरून ठेवलं. त्यांच्या खटपटीतून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. 1990 च्या दशकात तो आपल्या जालना तालुक्यातल्या कडवंचीला आला. गावात काम पाहिलं विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने. कार्यक्रमाच्या अटी सोप्या नव्हत्या. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि गावाने स्वतः श्रमदान करायचं. बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या. 2012 च्या दुष्काळात आजूबाजूला टँकर फिरत होते, तेव्हा कडवंचीच्या बागा हिरव्या होत्या.

सांगायचा मुद्दा हा की, इथे 'सेवा करणारे' आणि 'सेवा घेणारे' अशा दोन रांगाच नव्हत्या. गावकऱ्यांचा घाम त्यांच्याच रानात मुरला. बाहेरून आलेल्यांनी पैसा आणला, माहिती आणली आणि लोकांचं ऐकून घेतलं. आमच्या त्या तीन तासांत नेमकं हेच राहून गेलं होतं. आजीने काम सांगितलं होतं, आम्ही फोटो काढून परत आलो.

म्हणून मुलांनी सेवा करूच नये का? तसं मुळीच नाही. शाळेने नेलं नसतं तर ती वस्ती मी पाहिलीच नसती, आणि आजीचं वाक्य चाळीस वर्षं डोक्यात राहिलं नसतं.

भाचीला म्हटलं, "ये. पण वाटायला काही आणू नकोस. कडवंचीला जाऊ, शेततळ्याच्या काठावर बसू आणि हे सगळं कसं केलंत ते विचारू. कोणी हातात टोपलं दिलंच तर माती उचलायची."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "चालेल मामा, पण वहीवर सही कोण करणार?"

असो. सहीचं बघू काहीतरी.