घरीं परतलेल्या शिपायाची झोंप

लढाईचा इतिहास लिहिणारे बहुधा तहाच्या तारखेपाशीं थांबतात. किती पडले, किती जखमी झाले, कोणता मुलूख कोणाकडे गेला, हें सांगून झालें कीं त्यांचें काम संपतें. परंतु जो शिपाई धडधाकट म्हणून घरीं परततो, त्याच्या रात्रींचा हिशेब कोणत्याही बखरींत सांपडत नाहीं. तो त्याच्या घरांतच राहतो. ही व्यथा घराला केव्हां कळली, वैद्याला केव्हां आणि सरकाराला केव्हां, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

घराला ती फार पूर्वींच कळली होती. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागांत, म्हणजे सुमारें १५९७ सालीं, हॉट्स्पर नांवाच्या योद्ध्याची पत्नी त्याची भूक आणि झोंप कशानें नाहींशी झाली, असें त्याला विचारते. त्याच्या उशाशीं जागून तिनें सारें ऐकलेलें असतें. तो झोंपेंत घोड्याला हुकूम सोडतो, खंदक, तोफा आणि कैदी ह्यांविषयीं बडबडतो, आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमतात. आजच्या डॉक्टरानें टिपून घ्यावींत अशीं हीं लक्षणें नाटककारानें पत्नीच्या तोंडीं घातलीं, हें योग्यच झालें. तीं पाहावयास रात्रीं दुसरें कोण असतें?

वैद्यकानें मात्र प्रथम शिपायाच्या छातीलाच कान लावला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळांत डॉ. जेकब दा कोस्टा यांनीं फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयांत शेंकडों शिपाई तपासले आणि १८७१ सालीं त्यांच्या विकाराचें ‘क्षुब्ध हृदय’ ह्या नांवानें वर्णन केलें. त्यांत झोंपमोडीची नोंद आहे, पण ती हृदयाच्या तक्रारीचें एक उपलक्षण म्हणून. पुढें पहिल्या महायुद्धांत, फेब्रुवारी १९१५ मध्यें, चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांतील लेखांत ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्यानें ही इजा होते अशी तेव्हां समजूत होती. परंतु ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता अशा शिपायांतही तींच लक्षणें दिसूं लागलीं, आणि ती समजूत मागें पडली.

झोंपेकडे खरें लक्ष गेलें तें एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत. तेथील डॉ. विल्यम रिव्हर्स यांनीं डिसेंबर १९१७ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढें एक निबंध वाचला. त्यांच्या ध्यानांत असें आलें होतें कीं, आप्तेष्ट व डॉक्टर रोग्याला ‘झालें गेलें विसरून जा’ असा उपदेश करितात. रोगी तो दिवसभर निष्ठेनें पाळतो. आणि दिवसा दाबलेलें सारें रात्रीं दुप्पट बळानें उसळून येतें. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचा छिन्नविच्छिन्न देह स्वप्नांत पुनःपुन्हां दिसे. रिव्हर्स यांनीं त्याला दाखवून दिलें कीं, देहाची ती अवस्थाच मित्राला क्षणार्धांत, वेदनेविना मरण आल्याची साक्ष आहे. त्यानंतर बरेच दिवस तें स्वप्न पडलें नाहीं. आणि पडलें तेव्हां त्यांतील भयाण भाग गेला होता. मित्राच्या आप्तांसाठीं त्याच्या अंगावरील वस्तू गोळा करीत असतां तो अधिकारी जागा झाला, तो केवळ शोकानें रडत. भयाच्या जागीं दुःख आलें, आणि दुःख माणसाला झोंपूं देतें.

सिग्मंड फ्रॉइड यांनाही ह्या स्वप्नांनीं अडविलें. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ति हा त्यांचा सिद्धान्त. परंतु ज्या क्षणापासून माणूस पळूं पाहतो त्याच क्षणाकडे त्याला रोज रात्रीं ओढून नेणारें स्वप्न त्यांत बसेना, हें त्यांना १९२० च्या ग्रंथांत मान्य करावें लागलें.

सरकाराच्या दप्तरांत ह्यांतलें फारच थोडें पोंचलें. आपल्याकडचेंच पाहा. मेसोपोटेमियांत कूत-अल-अमारा येथील वेढ्यांत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागति झाली आणि उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेंत गेले. युद्धानंतर इंग्रज सरकारानें कित्येक गांवांत दगडी पाट्या बसविल्या: ह्या गांवांतून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकीं इतके मृत्यु पावले. त्या दोन आंकड्यांची वजाबाकी केली म्हणजे परतलेल्यांची संख्या निघते. त्यांच्या रात्री कशा गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कोण जागलें, हें दगडावर कोरण्याची रीत कोठेंच नव्हती.

१९८० सालीं अमेरिकन मानसोपचार संघटनेनें ‘आघातोत्तर तणाव-विकार’ आपल्या नियमग्रंथांत नोंदविला. त्याच्या लक्षणांत पुनःपुन्हां पडणारीं स्वप्नें आणि झोंपमोड हीं दोन्ही आहेत. त्याच दशकांत अमेरिकेच्या काँग्रेसनें व्हिएतनामच्या माजी सैनिकांची मोठी पाहणी करविली. युद्धभूमीवर गेलेल्या पुरुषांपैकीं सुमारें १५ टक्के पाहणीच्या वेळींही ह्या विकारानें पीडित आढळले. आमच्या मतें तिच्यांतील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे: त्या पाहणींत कित्येक सैनिकांच्या पत्न्यांनाही प्रश्न विचारले गेले. हॉट्स्परच्या पत्नीची साक्ष जवळजवळ चारशें वर्षांनीं दप्तरांत दाखल झाली.

औषधानें हा प्रश्न सुटलेला नाहीं. प्राझोसिन ह्या औषधावर मोठी भिस्त होती. परंतु ३०४ माजी सैनिकांवरील, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत तें नुसत्या खोट्या गोळीहून सरस ठरलें नाहीं. अमेरिकेच्या संरक्षण व माजी सैनिक खात्यांनीं २०१९ सालीं जुनाट निद्रानाशावर जो उपाय सुचविला तो साधा आहे: उठण्याची वेळ ठरलेली असावी, झोंप आल्याखेरीज अंथरुणावर पडूं नये, आणि झोंपेविषयींची धास्ती समजुतीनें घालवावी. दुःस्वप्नाचा शेवट जागेपणीं बदलून त्याची उजळणी करण्याची एक पद्धतिही आहे. तींत रिव्हर्स यांच्या त्या अधिकाऱ्याची आठवण होते.

हें नियम पाळावयाचे ते घरांतच, आणि बहुधा दोघांनीं मिळून. जो ओरडून उठतो तो एकटाच जागा होत नाहीं. शेजारचें माणूसही उठतें, दचकून मारलेला हात चुकवितें, आणि सकाळीं मुलांना कांहींतरी सांगून वेळ मारून नेतें. म्हणून माजी सैनिकाच्या प्रकृतीची चौकशी करणारानें पहिला प्रश्न त्याला विचारावा हें ठीक. पण दुसरा त्याच्या घरच्या माणसाला विचारावा, आणि उत्तर ऐकून घेण्यास सवड ठेवावी.